दवंडीचा डफ आणि साखरेचे घुंगूर

फार मागची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक दवंडीवाला राहायचा. माणूस अगदी देवमाणूस. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दारातल्या कुत्र्याला "हाड" म्हणतानासुद्धा त्याची जीभ अडखळायची. पण गावात त्याच्याइतका नकोसा माणूस दुसरा नव्हता. सकाळी सकाळी त्याचं तोंड दिसलं की लोक वाट बदलत. बायका त्याच्या पाठीमागे कडाकडा बोटं मोडत. आणि पोरं तर काय, पोरंच ती! लांबून खडे मारत आणि पळून जात.

असं काय घोडं मारलं होतं बिचाऱ्यानं कुणाचं? काही नाही. तो फक्त डफ वाजवायचा.

त्याचं असं होतं. त्या राज्यात एक जुनी रीत होती. राजाकडून वाईट बातमी आली, की ती दवंडीवाल्यानं डफ बडवून गावाला सांगायची. आणि चांगली बातमी असली, म्हणजे राजाला नातू झाला, लढाई जिंकली, असं काही असलं, की खुद्द प्रधानजी साखरेचा गाडा घेऊन यायचे. त्या दिवशी चावडीत टांगलेल्या घुंगूरमाळा गाड्याच्या बैलांच्या गळ्यात चढायच्या. छुमछुम करत गाडा टेकडीवरच्या देवीच्या देवळाशी जाऊन थांबायचा. पहिली मूठ देवीला, मग प्रत्येकाच्या वाटीत एकेक मूठ. पण जो हजर, त्यालाच हं! घरी बसलेल्याच्या नावानं वाटी पुढे केलेली चालायची नाही. ही रीत कुणी पाडली, का पाडली, कुणालाच ठाऊक नव्हतं. रीत म्हटली की तिला विचारतो कोण?

मग व्हायचं काय? "ऐका हो ऐका!" म्हणून डफ घुमला, की नवा कर तरी असायचा, नाहीतर वेठ. वेठ म्हणजे गावातल्या तरण्या पोरांना धरून किल्ल्याच्या कामावर न्यायचं, फुकट. म्हणून डफ ऐकला रे ऐकला की आया आपापल्या पोरांना पेवात उतरवत आणि वर झाकण लावून टाकत. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोल खोली. कुणाला संशयही यायचा नाही की आत माणूस आहे.

गावात एक ताकवाली म्हातारी होती. तिचा थोरला नातू असाच वेठीला गेला आणि परत आला तो नुसता हाडांचा सापळा होऊन. महिनाभरात बिचारा गेला. तेव्हापासून म्हातारी दवंडीवाल्याला पाण्यात पाहायची. "ह्या मेल्याचा डफ वाजला की माझं ताकसुद्धा नासतं," असं ती चारचौघांत सांगायची. हुकूम राजाचा, त्यावर शिक्का प्रधानजींचा आणि शिव्या मात्र ह्याला! आणि तेच प्रधानजी साखर घेऊन आले की लोक म्हणायचे, "अहाहा, काय गोड माणूस!" अहो, गोड साखर होती. प्रधानजी नव्हे. पण सांगणार कुणाला?

दवंडीवाल्याला फार वाईट वाटायचं. रोज जेवताना तो बायकोला म्हणायचा, "कधीतरी एकानं तरी म्हणावं गं, ये, बस घटकाभर."

बायको म्हणायची, "अहो, सोडा हे गाव. दुसरीकडं जाऊ."

"दुसऱ्या गावात काय, डफ बासरीसारखा वाजणार आहे? लोकांना अक्कल नाही, दुसरं काय. बातमी वाईट असली म्हणून सांगणारा वाईट होतो होय?"

बोलायचा अगदी शहाण्यासारखा. पण गंमत बघा. त्याच्याकडे ज्या बातम्या यायच्या, त्या घेऊन यायचा राजाचा जासूद, करड्या घोड्यावर बसून. गरीब स्वभावाचा माणूस, आल्यागेल्याची विचारपूस करणारा. पण त्या करड्या घोड्याच्या टापा ऐकल्या की ह्या आपल्या शहाण्याच्या पोटात गोळा यायचा. तो मागच्या दारानं पसार व्हायचा आणि कडब्याच्या गंजीमागं दडून बसायचा. बायको दारात उभी राहून सांगायची, "घरी नाहीत हो." जासूद निरोप तिच्यापाशी ठेवून निमूट निघून जायचा. इतक्या वर्षांत दवंडीवाल्यानं त्याला कधी पाण्याचा तांब्या पुढे केला नव्हता. आणि आपण हे काय करतो, असं त्याच्या मनातही कधी आलं नाही.

भाद्रपदातली एक दुपार होती. लख्ख ऊन पडलेलं, अंगणात वाळवणं घातलेली, गुरं माळावर चरायला गेलेली. एवढ्यात टापा वाजल्या. आज घोडा चौखूर उधळत येत होता. दवंडीवाला उठला आणि सवयीनं गंजीमागं गेला.

"घरी नाहीत हो," बायको म्हणाली.

एरवी जासूद मागं फिरायचा. आज तो घोड्यावरून अक्षरशः कोसळला आणि उंबऱ्यावर बसला. त्याला धाप लागली होती.

"वहिनी, कुठं असतील तिथून त्यांना बोलवा. तिकडं डोंगरात पाऊस नुसता कोसळतोय. वरच्या तलावाचा बांध खचत चाललाय. आज दिवस मावळायच्या आत तो फुटणार, आणि फुटला की हे गाव राहत नाही. लोकांना टेकडीवर न्यायला हवं. त्यांच्यावाचून सांगणार कोण?"

गंजीमागं दवंडीवाल्यानं हे ऐकलं. तो बाहेर आला, केसांत कडब्याच्या काड्या, मान खाली. जासूद त्याच्याकडे बघतच राहिला. पण बोलायला वेळ नव्हता. दवंडीवाल्यानं खुंटीवरचा डफ ओढला आणि तो पळत सुटला.

"ऐका हो ऐका! बांध फुटतोय! पाणी येतंय! टेकडीवर चला!"

आणि झालं काय? धाड धाड धाड! दारं लागली. खिडक्या लागल्या. ओट्यावरच्या म्हाताऱ्यासुद्धा टुणकन उडी मारून आत गेल्या.

"पाणी येतंय म्हणे!" एकजण दाराआडून ओरडला. "आभाळात ढगाचं पिल्लू नाही आणि म्हणे पाणी!"

"वेठीला माणसं कमी पडली असतील," दुसरा म्हणाला. "टेकडीवर गोळा करायचं आणि तिथंच धरायचं. नवी युक्ती काढलीय लबाडांनी."

दवंडीवाला गल्लोगल्ली धावत होता. जितका जोरात डफ बडवावा, तितकी लोकं जास्तच दडत होती. पुढच्या अंगणात बघतो तर ताकवाली म्हातारी धाकट्या नातवाला हाताला धरून पेवात उतरवत होती.

"आजी, पेवात नको! देवाशपथ सांगतो, पेवात नको! सगळ्यात आधी तिथंच पाणी भरेल!"

"चालता हो मुडद्या!" म्हातारी कडाडली. "एक नातू खाल्लास, आता हा हवाय होय तुला?" आणि तिनं पेवाचं झाकण लावलं, वर बसकण मारली.

दवंडीवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. अंगणाअंगणांत झाकणं लागत होती. त्याच्याच डफानं अख्ख्या गावाची तरणी पोरं जमिनीच्या पोटात चालली होती. त्यानं डफ वाजवायचा थांबवला आणि चावडीच्या ओट्यावर मटकन बसला.

मागून जासूद घोडा घेऊन आला. तो संतापला होता. "कसली माणसं रे ही! भलं सांगायला आलेल्याचं ऐकूनसुद्धा घेत नाहीत. एवढी कशी अक्कलशून्य?"

"त्यांना नका बोलू," दवंडीवाला म्हणाला. "मघाशी मी कुठं होतो?"

"गंजीपाशी कामात होतास ना?"

"घरीच होतो. तुमच्या घोड्याच्या टापा ऐकून गंजीमागं लपलो होतो. आजच नव्हे, दर वेळी लपतो." त्याला रडू फुटलं. "तुम्ही माझं कधी काडीचं वाईट केलं नाहीत, जासूदबुवा. पण टापांच्या पाठोपाठ दर वेळी काहीतरी अभद्र आलं, आणि माझे पाय शिकले पळायला. डोकं विचारायच्या आधीच पळतात. ह्या लोकांचंही तेच झालंय. इतकी वर्षं मी त्यांना मूर्ख म्हणतोय आणि मी स्वतः कडब्यात बसतोय!"

जासूदानं त्याच्या केसांतली एक काडी काढून टाकली.

"डोक्याला समजावत बसायला आता वेळ नाही," दवंडीवाला डोळे पुसत म्हणाला. "पायांना जे कळतं, तेच ऐकवायला हवं." आणि त्यानं चावडीच्या भिंतीकडे बघितलं. तिथं खुंटीवर साखरेच्या गाड्याच्या घुंगूरमाळा टांगलेल्या होत्या.

जासूद दचकला. "अरे, वेडा झालास काय? राजाची साखर आल्याशिवाय त्या माळांना हात लावायचा नाही. लावला तर गावातून हद्दपार. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि समज, बांध फुटलाच नाही तर?"

"तर देवीची कृपा! गाव सुखरूप राहील आणि मला शिव्या घालील. शिव्यांची मला सवय आहे."

मग जासूदानंच हात वर करून माळा काढल्या आणि आपल्या करड्या घोड्याच्या गळ्यात घातल्या. दवंडीवाल्यानं डफ तिथंच ठेवला. दोघं घोड्याला घेऊन गावाच्या कडेकडेनं, घरांच्या मागून पळत निघाले, टेकडीच्या दिशेनं.

छुम छुम, छुम छुम!

काय सांगू तुम्हाला! मघाशी धाडधाड लागलेली दारं तश्शीच धाडधाड उघडली. पेवांची झाकणं बाजूला झाली आणि आतून पोरं भुईतून मोड फुटावेत तशी वर आली. "साखर! साखर आली!" ज्याच्या हाताला जी लागली ती वाटी घेऊन जो तो टेकडीकडे पळत सुटला. गाडा कुठं दिसतोय, हे बघायला थांबतो कोण? मागं राहिलेल्याच्या वाटीत पोती झटकलेला चुरा पडतो, हे सगळ्यांना माहीत! आणि हजर असेल त्यालाच मूठ, म्हणून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना तरण्यांनी पाठुंगळी घेतलं. बाळंतिणींना घोंगडीत घालून उचललं. ताकवाली म्हातारी तर वाटी सोडून चांगली चरवी घेऊन निघाली, एका हातात चरवी आणि एका हातात नातू. हाव असावी तर अशी!

दवंडीवाल्याची बायकोही गेली. घरात कुणी उरलं नाही.

वर पोचल्यावर बघतात तो गाडा नाही, प्रधानजी नाहीत, साखरेचा दाणा नाही. देवळापुढे करडा घोडा फुरफुरत उभा आणि त्याच्या शेजारी दवंडीवाला.

"फसवलं रे फसवलं!" एकच गिल्ला झाला. "धरायला आलेत! पोरांनो, पळा!" कुणी दगड उचलले. ताकवालीनं हातातली चरवी भिरकावली, ती सणसणत येऊन दवंडीवाल्याच्या खांद्याला लागली.

त्यानं खांदा धरला, पण तो जागचा हलला नाही. हात जोडून म्हणाला, "हाणा. पाहिजे तेवढं हाणा. पण खाली जाऊ नका. ऊन उतरेपर्यंत थांबा फक्त. मी खोटा निघालो तर माझं मीच गाव सोडून जातो, पुन्हा तोंड दाखवत नाही."

"तुझं ऐकून थांबायचं?" म्हणून आठदहाजण परत उतरायला लागले. जासूदानं घोडा वाटेत आडवा घातला. ढकलाढकली सुरू झाली.

तेवढ्यात वरच्या अंगाला धडाड् असा आवाज झाला. मग घरघर. डोंगरच घसरत येतोय असं वाटावं अशी. आणि मग लोकांनी पाणी पाहिलं. मातकट, उंच, झाडं घेऊन आलेलं पाणी. बघता बघता ते गावात शिरलं. वाळवणं गेली, ओटे गेले, घरांची छपरं तेवढी दिसत राहिली आणि मग तीही दिसेनाशी झाली. अंगणाअंगणांतली पेवं कधी भरली ते कळलंसुद्धा नाही.

टेकडीवर दगड उचललेले हात हळूहळू खाली आले.

ताकवाली म्हातारी आपलं अंगण होतं त्या जागेकडे बघत उभी होती. तिनं नातवाला इतकं घट्ट धरलं होतं की तो कळवळला. मग ती दवंडीवाल्यापुढे येऊन बसली आणि रडू लागली.

"मी त्याला पेवात घातला होता रे. ह्याच माझ्या हातांनी. वर झाकण लावून बसले होते. तू नसतास तर..." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुझे उपकार कुठल्या जन्मी फेडू?"

"आजी, तुमच्या हातांचा दोष नाही," दवंडीवाला म्हणाला. "त्यांना माझ्या डफानंच शिकवलं होतं तसं. आणि उपकार म्हणाल, तर ह्यांचे माना." त्यानं जासूदाला हाताला धरून पुढे आणलं. "हे आले म्हणून आपण सगळे आहोत. मी तर ह्यांना साधं पाणीसुद्धा कधी विचारलं नाही."

पूर ओसरल्यावर राजा स्वतः आला. त्यानं सगळी हकीकत ऐकली. घुंगूर वाजवल्याबद्दल शिक्षा कसली करतोय? उलट म्हणाला, "माग, काय हवं ते माग. घर, जमीन, सोनं."

दवंडीवाल्यानं मुजरा केला. "महाराज, घर तर सगळ्यांबरोबर मलाही बांधून मिळेलच. एक मागणं आहे. ही रीत तेवढी मोडा. चांगली बातमीसुद्धा माझ्या डफावर येऊ द्या. आणि कराचं नि वेठीचं सांगायला कधीतरी प्रधानजींनाही पाठवा."

राजा खो खो हसला आणि 'बरं' म्हणाला. प्रधानजी हसले नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यांना नव्या कराची बातमी घेऊन धाडलं, तर आधी लोक हार घेऊन धावले आणि बातमी ऐकल्यावर हार घेऊन घरी गेले. असं चारदोनदा झालं, आणि प्रधानजींची पालखी वेशीवर दिसली की गावात दारं लागू लागली. पालखीत बसल्या बसल्या प्रधानजींना त्या दारांचा आवाज ऐकू यायचा. राजवाड्यात परतल्यावर त्यांनी वेठीचा कागद आधी स्वतः वाचायला सुरुवात केली. पुढं वेठ निम्मी झाली आणि मग बंदच पडली.

डफाचं मात्र इतक्या सहज जमलं नाही. दवंडीवाला साखर घेऊन डफ वाजवत यायचा, तरी लोक दचकायचे. त्याचे उपकार सगळे मानत होते, पण कान काही ऐकत नव्हते. एकदा ताकवाली म्हातारी त्याला प्रामाणिकपणे म्हणाली, "कान अजून दचकतात रे बाबा. पण मी त्यांना सांगते, दचका खुशाल, मी जाते बाहेर." आणि दचकत दचकत का होईना, ती दर वेळी सगळ्यांच्या आधी दाराबाहेर यायची. तिच्या मागून शेजारीण यायची, तिच्या मागून पोरं. दवंडीवाल्याचंही तसंच. टापा वाजल्या की पोटात गोळा यायचाच. तो गोळा घेऊनच तो दारात जायचा आणि जासूदाला म्हणायचा, "या, बसा घटकाभर."

अशी दोन वर्षं गेली. एका हिवाळ्यात दवंडीवाला तापानं आजारी पडला. डफ खुंटीला लागला. तो अंथरुणावर पडून होता आणि एका सकाळी त्याला अंगणात खूप पावलं वाजलेली ऐकू आली. घरापुढे गर्दी! आयुष्यभर गर्दी घरापुढे आली ती खडे मारायलाच. तापातसुद्धा त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला आणि त्यानं घोंगडी तोंडावर ओढून घेतली.

"दार नको उघडूस," तो बायकोला म्हणाला.

बाहेरून ताकवाली म्हातारीचा आवाज आला. "अरे, उठलास का नाही? सगळं गाव चौकशीला आलंय. डफ वाजत नाही तर गाव कसं सुनं सुनं लागतंय बघ. पोरं तर रोज विचारतात, दवंडीवाले काका कधी येणार म्हणून."

घोंगडीच्या आत दवंडीवाला ढसाढसा रडला. मग बायकोला म्हणाला, "थांब, तू नको." तो भिंतीला धरून उठला. त्याचे पाय मागच्या दाराकडे ओढ घेत होते. तरी एक एक पाऊल टाकत तो पुढच्या दाराशी गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं कडी काढली.

अंगणात सगळं गाव उभं होतं. कुणाच्याही हातात काही नव्हतं.

"या," दवंडीवाला म्हणाला. "बसा घटकाभर."

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनोसुद्धा: आपल्याला जे नकोसं वाटतं ते वाईटच असतं असं नाही, कधी कधी ते फक्त वाईटाच्या सोबत आलेलं असतं. मन एकदा असं शिकलं की लगेच विसरत नाही. म्हणून दचकलात तरी दार उघडून बघा. बाहेर आपलं भलं सांगायला आलेला कुणी उभा असेल, आणि त्याचे आभार मानायचे राहून गेले असतील.